सहा नंबरचा वास

बुधवारी सकाळी सव्वादहाला नाकबाईंनी सहा नंबरच्या कागदाचा वास घेतला आणि त्यांना काहीच वास आला नाही. पुन्हा घेतला. नाहीच. मग त्या अशा काही ओरडल्या की शेजारच्या खोलीतून मोठ्या बाई हातातला फोन तसाच ठेवून धावत आल्या. त्यांना वाटलं, आग लागली.

"गेला! बाई, सहाचा वास गेला!"

वास गेला म्हणून एवढं नाचायचं काय कारण, असं तुम्ही विचाराल. विचारा. पण त्याआधी त्या खोलीत तुम्ही पाच मिनिटं बसून दाखवा. तिसरा मजला, न उघडणाऱ्या खिडक्या आणि टेबलावर आठ काचेच्या बाटल्या, रबरी बूच लावून वरून पत्र्याच्या टोपीने गच्च आवळलेल्या. आत फिकट पिवळं पाणी आणि त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव. या जीवांची तऱ्हाच उलटी. हवा लागली की मरतात. आणि खातात काय, तर कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या माणसाला जो पुन्हा उठू देत नाही तो वायू. त्याला स्वतःला वास नसतो, म्हणून भिंतीवर भोंगा बसवलेला आहे. वास येतो तो पाण्याला. दुधाच्या कारखान्याचं आंबलेलं सांडपाणी ते, त्यात ब्युटिरिक आम्ल असतं. विसरलेल्या डब्यात कुजलेलं लोणी आणि तान्ह्या बाळाने खांद्यावर काढलेली ओकारी, दोन्ही एकदम नाकात गेली तर कसं वाटेल, तसा तो वास.

त्या जीवांनी वायू खायचा, त्यातून ताकद घ्यायची आणि त्या ताकदीवर या घाण आम्लाचं अल्कोहोल करून टाकायचं, ब्युटेनॉल, रंगाच्या नाहीतर इंधनाच्या कामी येणारं. एवढं त्यांनी करावं म्हणून नाकबाई सात महिने त्यांच्या मागे लागल्या होत्या. सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन वायू भरायचा, दर आठवड्याला आम्ल थोडं थोडं वाढवायचं. आम्ल जास्त झालं की जीव मरायचे, कमी झालं की आळसायचे. पोटच्या पोराचे कुणी करणार नाही इतके लाड त्यांनी त्या बाटल्यांचे केले.

रोजची पद्धत अशी. सुईने बुचातून दोन थेंब काढायचे, टिपकागदाच्या पट्टीवर टाकायचे, मागच्या बाजूला पेन्सिलीने नंबर घालायचा आणि हुंगायचं. नियमांच्या पुस्तकात हुंगायला मनाई आहे. पण मोजणारं यंत्र तीन आठवडे बंद पडलेलं, त्याचा सुटा भाग कुठल्या तरी बंदरात अडकलेला, आणि अकरा वर्षांत नाकबाईंचं नाक कधी चुकलं नव्हतं. यंत्राने दुपारी सांगायचं ते त्या सकाळीच सांगायच्या. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं.

मोठ्या बाई या साऱ्या कामाच्या प्रमुख. त्यांनी सहा नंबरचा वायूचा दाब बघितला. दाब उतरला होता, म्हणजे जीवांनी वायू खाल्ला होता. आंबटपणाही थोडा कमी झाला होता.

"नाकबाई, ठरलं मग? शुक्रवारी अकराला मोठ्या टाकीत सहाच घालायची?"

"डोळे मिटून घाला."

टाकी एकच होती आणि वायूचा सिलिंडरही शेवटचा. टाकीला चाळीस दिवस लागणार होते आणि कामाच्या मुदतीचेही चाळीसच दिवस उरले होते. मेलेली बाटली टाकीत गेली तर संपलंच. बाकीच्या सात बाटल्या जीव मारायला वाफेच्या कुकरात जाणार, खोली दुसऱ्यांना मिळणार आणि सात महिने पाण्यात. हे सगळं ठाऊक असून नाकबाई "डोळे मिटून" म्हणाल्या, यावरून त्या नाकाचा रुबाब काय होता ते समजा.

गुरुवारी माशी शिंकली.

तीन पट्ट्या टेबलावर उपड्या पडल्या होत्या. नाकबाईंनी सहज हात घातला, एक उचलली, हुंगली. काही नाही. खुशीत येऊन त्यांनी पट्टी उलटी केली. मागे नंबर होता आठ.

आठ नंबरची बाटली म्हणजे साक्षीदार. तिच्यात जीव सोडलेलेच नव्हते. नुसतं आम्ल, पहिल्या दिवशी होतं तेवढंच, इतरांशी ताडून बघायला ठेवलेलं. तिचा वास कमी व्हायचं काही कारणच नव्हतं.

नाकबाईंनी सुई घेतली. त्यांनी आठमधून ताजे थेंब काढले. हुंगलं. आला का? आल्यासारखा वाटला. की आठ आहे हे माहीत होतं म्हणून वाटला? त्यांनी वही उघडली. आठपुढे रोजचा शेरा होता: तीव्र. तीव्र, तीव्र, तीव्र, पानंच्या पानं. आणि आता त्यांना आठवलं की आठचा वास आपण कित्येक दिवसांत घेतलेलाच नाही. बदलणार नाही ते काय हुंगायचं, म्हणून नुसतं लिहीत गेलो. अगं, कसली गं तू शहाणी, असं त्या स्वतःलाच मोठ्याने म्हणाल्या.

मग विचारांनी डोक्यात जो गोंधळ मांडला तो विचारू नका. सहाची सुई आठला लागली आणि जीव तिकडे शिरले की काय? बाटल्या पुसताना अदलाबदल झाली? सहाचं बूच टोचून टोचून चाळण झालंय, तिथून वायू गळला असेल तर दाब उतरणारच, आम्लाची वाफ निघून आंबटपणाही उतरेल, आणि जीव आतल्या आत केव्हाच मेलेले असतील. म्हणजे सगळ्या खुणा दोन्हीकडे बोट दाखवत होत्या. निकाल लागायचा तो फक्त वासावर. आणि नाक?

त्यांनी हात धुवायचा साबण हुंगला. आला. कॉफीचा डबा उघडला. आला. काडी ओढून विझवली, तिचा जळका वासही झक्क आला. नाक तर ठणठणीत होतं. मग आठला झालं काय?

मोठ्या बाईंना जाऊन सांगायला हवं होतं. दारापर्यंत त्या दोनदा गेल्या. पण काय सांगणार? की तुमच्या नाकबाईंचं नाक बिघडलंय, बहुतेक, किंवा नाही, किंवा बाटली बिघडलीय? जीभ रेटेना. शेवटी त्यांनी एक युक्ती केली. घरी निघताना आठ नंबरचे चार थेंब सदऱ्याच्या डाव्या बाहीवर पाडून घेतले. घरच्यांना वास आला तर आठ शाबूत, नाक गेलं. नाही आला तर नाक शाबूत, आठमध्येच काही तरी भानगड. हिशोब किती सोपा!

पण माणसं म्हणजे यंत्रं नव्हेत ना.

नाकबाईंचा नवरा चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासतो. गोड बोलणारा, कुणाला न दुखवणारा. फक्त एकदा त्याची जीभ घसरली होती, अकरा वर्षांपूर्वी, नाकबाई नव्याने त्या खोलीत लागल्या तेव्हा. नणंदेकडे जेवायला गेले होते. पानावर बसताना सगळ्यांदेखत तो म्हणाला, "तू जरा पलीकडे बस गं, तुझ्या अंगाला ओकारीचा वास येतोय." नाकबाई भरल्या ताटावरून उठल्या आणि चालत घरी आल्या. अठरा दिवस बोलल्या नाहीत. एकोणिसाव्या दिवशी नवऱ्याने कानाला खडा लावला.

गुरुवारी संध्याकाळी नाकबाई मुद्दाम त्याच्या उजव्या हाताला, बाही नाकाशी येईल अशा जेवायला बसल्या.

"अहो, माझ्या अंगाला वास येतो का हो?"

घास हातातच राहिला. "कसला?"

"कसलाही."

"छे! अजिबात नाही."

"नीट बघून सांगा."

"बघायचं काय त्यात? नाही येत. आमटी वाढ."

नाकबाई सासूबाईंकडे वळल्या. "आई, तुम्हाला?"

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं, मुलाने ताटाकडे. "मला बाई सर्दी झालीय."

"कधी?"

"आत्ताच." आणि त्या उठून खिडकी उघडायला गेल्या. "जरा हवा येऊ दे गं, कोंदट होतंय."

सर्दी झालेली बाई खिडकी उघडते, यावरून कुणाच्याही डोक्यात प्रकाश पडला असता. नाकबाईंच्या नाही पडला, कारण त्या हिशोबात होत्या. नाही म्हणतात, म्हणजे आठमध्ये आम्ल नाही. आठमध्ये जीव नाहीत, तरी आम्ल नाही. मग ते गेलं कुठे? की आठ म्हणजे सहा आहे? आणि सहा म्हणजे? रात्रभर त्या कूस बदलत राहिल्या आणि आठ बाटल्या डोक्यात जागा बदलत राहिल्या.

सकाळी सदरा खुर्चीवर नव्हता. मोरीत नव्हता, कपाटात नव्हता. सापडला तो गच्चीत, दोरीच्या पार टोकाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवीला एकावर एक दोन गाठी.

नाकबाई ती पिशवी घेऊन तशाच आत आल्या. नवरा दाढी करत होता.

"ही गाठ कुणाची?"

आरशातल्या नवऱ्याचं तोंड अर्धं साबणात होतं, उरलेलं अर्धं पांढरं पडलं. "मी काही म्हणालो का?"

"तेच तर! काही म्हणाला का नाहीत? माझा सगळा हिशोब तुम्ही धुळीला मिळवलात!"

त्याला काही कळेना. वास येतो म्हटलं तर अठरा दिवस अबोला, नाही म्हटलं तर ही बोंब. माणसाने करावं तरी काय? नाकबाईंनी त्याला टॉवेल दिला, कपडे चढवायला लावले आणि दुकान उघडायच्या वेळी प्रयोगशाळेत नेऊन उभं केलं. दारातच त्याने खिशातून रुमाल काढला. मग नाकबाईंकडे पाहून परत ठेवला.

साडेदहा वाजले होते. मोठ्या बाई टाकीची नळी जोडत होत्या.

"बाई," नाकबाई म्हणाल्या. "माझं नाक गेलंय. साबणाचा वास येतो, कॉफीचा येतो. या आम्लाचा तेवढा येत नाही. कधीपासून ते मला ठाऊक नाही. आठपुढे मी रोज न हुंगताच तीव्र लिहीत होते."

मोठ्या बाईंनी नळी खाली ठेवली. रागावतील असं वाटत होतं, पण त्यांनी फक्त आठची पट्टी उचलली आणि स्वतः हुंगली. एकदा, दोनदा. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मलाही नाही येत हो."

दोघींपैकी एक अकरा वर्षं त्या हवेत, दुसरी सोळा. त्या मजल्यावर या वासापुरतं एकही नाक शिल्लक नव्हतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

"पण बाकीच्या बाटल्यांचा मला काल-परवापर्यंत येत होता," नाकबाई म्हणाल्या. "तीनचा येतो, पाचचा येतो. बुधवारी सहाचा दाब उतरलेला मला आधीच दिसला होता आणि मग..."

"तू तक्ता पाठ केलायस," कोपऱ्यातून नवरा म्हणाला.

"काय?"

"आमच्याकडे म्हातारी माणसं येतात. अक्षरांचा तक्ता धडाधडा वाचतात. एकही अक्षर दिसत नसतं, पण तक्ता तोंडपाठ असतो. खोटं नाही बोलत, त्यांना खरंच वाटतं की दिसतंय. तू नंबर वाचून हुंगतेस." एवढं बोलून तो घाबरून थांबला. पण कामाची गोष्ट निघाली की माणसाला धीर येतो. त्याने पट्ट्या घेतल्या, नंबर खाली करून पिसल्या आणि दुकानातल्या आवाजात सुरू केलं, "हं, आता ही... की ही? घाई नाही. ही स्पष्ट, की ही?"

नाकबाईंनी आठच्या आठ हुंगल्या. एकही सांगता आली नाही. त्याने मध्येच सरकवलेल्या कोऱ्या कागदाला त्या तीन म्हणाल्या.

"आता तुम्ही," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि पट्ट्या हातात घेतल्या. पावणेअकरा. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

पहिली पट्टी होती आठची. नंबर एकट्या नाकबाईंना दिसत होता. नवऱ्याने हुंगली. डोळ्यांत पाणी आलं, गळ्यातली घाटी वरखाली झाली.

"कसा आहे?"

"नाही... म्हणजे, विशेष काही नाही."

"अहो!"

"येतो. थोडासा. चालण्यासारखा."

दुसरी पट्टी सहाची. त्याने हुंगली, नाकबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा हुंगली. "नाही. हिला नाही."

आणि नाकबाई खचल्याच. हेच तर "नाही" त्या अकरा वर्षं ऐकत आल्या होत्या. चार थेंब बाहीवर असताना कालसुद्धा ऐकलं होतं. याचं खरं 'नाही' कुठलं आणि मायेचं 'नाही' कुठलं, हे ओळखायचं कसं? आपल्या तोंडावरची आशा वाचून तर तो बोलत नसेल? नाक गेलं होतं, आता कानही कामाचे राहिले नाहीत असं त्यांना वाटलं. अकराला दहा मिनिटं उरली होती. सात महिने एका बाटलीत होते आणि ती बाटली जिवंत आहे की मेली, हे सांगणारा जगात एकच माणूस समोर उभा होता आणि तो कुणाला दुखवत नाही.

साक्षीदार बाटली कशासाठी ठेवतात? उत्तर आधीच माहीत असलेली एक गोष्ट हवी असते, म्हणजे बाकीच्यांवर विश्वास ठेवता येतो. नाकबाईंनी पट्ट्या टेबलावर ठेवल्या. वेणी पुढे ओढली आणि नवऱ्याच्या समोर धरली.

"आणि माझ्या अंगाला?"

नवरा मोठ्या बाईंकडे बघायला लागला.

"त्यांच्याकडे नका बघू. त्या आहेत, असू देत. येतो का?"

 भिंतीवरच्या भोंग्याचा हिरवा दिवा तेवढा लुकलुकत होता.

"येतो," नवरा म्हणाला. आवाज अगदी बारीक. "रोज येतो. केसांना जास्त. आई खिडकी उघडते ती त्यासाठीच. तू झोपलीस की मी तोंड भिंतीकडे करतो. अकरा वर्षं झाली."

नाकबाईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. डोळे भरून आले, राग आला, लाज वाटली, सगळं एकदम. पण त्याचबरोबर पायाखाली जमीन लागली. त्यांनी डोळे पुसले, पाठ फिरवली आणि पट्ट्या मागच्या मागे न बघता पिसून एक पुढे केली.

"आता सांगा."

"शी! ही तीच. तुझ्या वेणीसारखी, पण दहापट."

बाईंनी नंबर पाहिला. "आठ."

"ही?"

"हीसुद्धा. थोडी कमी."

"तीन."

"ही?"

तो थांबला. पुन्हा हुंगली. कपाळाला आठ्या पडल्या, चष्मा वर सरकवला. "ही वेगळीच आहे गं. घाण नाही. पण वास आहे, नाही असं नाही. दुकानात काचा पुसायला स्पिरिट असतं ना, त्याच्या वळणाचा. किंचित गोडसर."

मोठ्या बाईंनी पट्टी उलटली आणि नाकबाईंपुढे धरली. सहा.

बूच गळून वास नुसता कमी होईल, एक वेळ. पण नवा वास, रोज स्पिरिटने टेबलं पुसणाऱ्या या दोघींना न कळलेला, आणणार कोण? बाटलीत जीव होते आणि सात महिने सांगितलेलं काम ते करत होते.

"घाला बाई," नाकबाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. सहाचं पिवळं पाणी नळीतून टाकीत शेवटच्या थेंबापर्यंत जाताना त्या बघत राहिल्या. मग वही उघडली, आठपुढच्या शेवटच्या पानावरचे सगळे "तीव्र" एकेक करून खोडले आणि खाली लिहिलं: वास घेणारा, नवरा.

नवरा जिन्यापाशी चपला घालत होता. दुकानाला उशीर झाला होता.

"राग आला?" त्याने विचारलं.

"आला."

"अठरा दिवस?"

"मला आता कधीच कळणार नाही," नाकबाई म्हणाल्या. "लोकांत बसले, कुणाच्या घरी गेले, तरी मला कळणार नाही. तुम्ही सांगायचं. घरी आल्या आल्या, रोज. खरं तेवढंच."

तो वळला. मग एक पायरी वर चढला, त्यांच्या केसांजवळ वाकला आणि डोळे तपासताना वाकतो तसा सावकाश, न चुकता श्वास आत घेतला.

"आज जास्त आहे," तो म्हणाला.